आठ पॉइंट चार

मावशीकडे कोणी सोनं तपासायला आलं की सगळ्यात आधी पंखा बंद व्हायचा. मग खिडकी, मग स्वयंपाकघराचं दार. भर उन्हाळ्याच्या दुपारी त्या मागच्या खोलीत तीन-चार माणसं घामाघूम होऊन बसलेली आणि मावशी शांतपणे तराजूच्या पेटीची काच वर सरकवतेय, हे दृश्य मी चौदा वर्षं पाहिलं. ग्रंथालयात नोकरी लागली तेव्हा चार दिवस म्हणून मी तिच्याकडे राहायला आले होते, ते चार दिवस काही संपले नाहीत. उकाड्याने माझं डोकं फिरतं, मी चिडचिडी बाई आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या खोलीत मी कधी चिडले नाही. तिथे बसलं की एक गुंगी यायची आणि आपण कुठल्या कामासाठी आलोय तेच माणूस विसरायचं.

त्याला कारण होता छतावरचा उजेड. मावशी दागिना रेशमी धाग्याला बांधून काचेच्या भांड्यातल्या पाण्यात सोडायची. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्या पाण्यावर पडायचं आणि छतावर उजेडाचा एक हातभर तुकडा थरथरायला लागायचा. पाणी पूर्ण शांत झालं की तुकडाही स्थिर व्हायचा, आणि तोवर मावशी काट्याकडे बघतसुद्धा नसे. माना वर करून सगळे छताकडे बघत बसायचे. कोणाला जुनं घर आठवायचं, कोणाला आई, कोणी उगाच हळू आवाजात लहानपणीच्या तळ्याची गोष्ट सांगायचं. टेबलाला मात्र हात लावायचा नाही, कोपरसुद्धा नाही. एकदा एका निवृत्त फौजदारांनी विसरून टेबलावर हात टेकला, तर मावशीने त्यांना शाळेतल्या पोरासारखं भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं. आणि ते बसले होते.

मावशी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती, एकतीस वर्षं. नळ्या धुणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणं, परीक्षेच्या दिवसांत कपाटांना कुलपं घालणं आणि सरांची फळ्यावरची चुकलेली गणितं त्यांना कळू न देता दुरुस्त करणं, ही तिची कामं. शाळेत नवे विजेवरचे काटे आले तेव्हा जुना तराजू भंगारात निघाला. निरोपाला तिला भिंतीवरचं घड्याळ देणार होते. घड्याळ नको, तो तराजू द्या, असं तिने मुख्याध्यापकांना तोंडावर सांगितलं. पितळी दांडी, दोन पारडी, भोवती काचेची पेटी आणि मखमलीच्या खणांत बसवलेली लहान लहान वजनं. ती वजनं चिमट्यानेच उचलायची, कारण बोटांचं तेल लागलं की वजन बदलतं. स्वतःच्या अंगावर तिने कधी गुंजभरही सोनं घातलं नाही. काम करताना अडकतं, म्हणायची.

तिची पद्धत सोपी होती. दागिना आधी हवेत तोलायचा, मग पाण्यात बुडवून तोलायचा. पाण्यात जेवढं वजन घटलं, त्याने आधीच्या वजनाला भागायचं. जो आकडा येईल तो ती एका चिठ्ठीवर लिहून समोरच्याच्या हातात द्यायची. चांगलं सोनं सतराच्या पुढे, भेसळ असेल तर पंधरा, चांदी दहा, पितळ आठ-साडेआठ. ‘खरं आहे’ किंवा ‘खोटं आहे’ हे शब्द तिने कधी उच्चारले नाहीत. “मी आकडा सांगते. पुढचं तुमचं तुम्ही बघा,” एवढंच.

तसं सोनं घरी तपासायच्या बाकीच्या युक्त्या आमच्या रस्त्यावर सगळ्यांना पाठ होत्या आणि मावशीला त्या एकूण एक नापसंत होत्या. कोणी लोहचुंबक लावायचं. “पितळेलाही चुंबक चिकटत नाही, मग कळलं काय?” कोणी व्हिनेगरचा थेंब टाकून रंग काळा पडतो का बघायचं. “वर मुलामा चांगला असला की थेंबही फसतो.” कोणी फरशीच्या मागच्या खरबरीत बाजूवर दागिना घासायचं, त्याचा तर तिला संतापच. “आधी अंगावर ओरखडा काढायचा आणि मग विचारायचं, तू खरा का? शोभतं का हे?” आमच्या शेजारच्या गृहस्थांनी बायकोची अंगठी चावून पाहिली होती. अंगठी खरी निघाली, दात खोटा होता तो निघाला.

सोनाराकडे जायला काय झालं होतं, असं कोणी विचारेल. त्याचं दुकान कोपऱ्यावर, काचेचं. आत कोण गेलं ते आख्ख्या रस्त्याला दिसायचं आणि संध्याकाळपर्यंत अमक्याच्या घरात काय बिनसलंय याची चर्चा सुरू. मावशीच्या तोंडून मात्र एक अक्षर बाहेर पडत नसे. तिच्यावरचा विश्वास इतका, की लोक आकड्यांतच बोलायला लागले. नवा शेजारी भला निघाला तर तो ‘सतराचा’, आणि कोणाचा जावई नुसता गोड बोलणारा असला तर ‘आठाचा’. मलाही गंमत वाटायची. एवढा विश्वास बरा नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

आमच्या समोरच्या बाजूला, तीन घरं सोडून, टाचणीताईंचं शिवणकामाचं दुकान होतं. नाव वेगळं होतं, पण तोंडात कायम चार टाचण्या धरून बोलायच्या म्हणून सगळे टाचणीताईच म्हणायचे. गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, सगळं शिवायच्या. त्यांचा थोरला भाऊ घड्याळजी. त्याचं दुकान त्यांच्या समोरच, रस्त्याच्या आमच्या बाजूला. दुकान कसलं, एक खिडकी आणि मागे एक स्टूल. बहीण मशीनवरून मान वर करी तेव्हा तिला भाऊ दिसे, भाऊ डोळ्याला लावलेली भिंगाची नळी काढी तेव्हा त्याला बहीण दिसे. दुपारचा चहा कधी ती घेऊन जाई, कधी तो घेऊन येई. दोघांचीही लग्नं झाली नव्हती आणि दोघांनाही त्याची खंत दिसत नव्हती.

त्यांची आई गेली त्याला आता बारा वर्षं होतील. तिच्या हातात चार बांगड्या असायच्या, जाडजूड, वेलीचं नक्षीकाम केलेल्या. भावाने त्यातल्या दोन बहिणीला दिल्या आणि दोन स्वतःकडे ठेवल्या, आईची आठवण म्हणून. मग एका दुपारी टाचणीताई त्या दोन बांगड्या घेऊन मावशीकडे आल्या. मनात काही शंका होती म्हणून नव्हे. रस्त्यावरचे बहुतेक सगळे कधी ना कधी येऊन गेले होते, म्हणून त्याही आल्या. मला वाटतं, त्यांना छतावरचा तो उजेड बघायचा होता.

त्या छान बसल्या होत्या. टाचण्या काढून रुमालाला टोचल्या होत्या. आईचे हात कसे होते ते सांगत होत्या, पीठ मळताना बांगड्या कशा एकावर एक आपटायच्या ते. मावशीने वजन केलं, भागाकार केला आणि थांबली. परत केला. मग दुसरी बांगडी घेतली. मग पहिली पुन्हा. तिसऱ्यांदाही तोच आकडा आला आणि तिने चिठ्ठी लिहिली. आठ पॉइंट चार.

“हे काय?” टाचणीताई म्हणाल्या.

“आकडा आहे.”

“मावशी, पितळेचा आकडा आहे हा.”

मावशीने व्हिनेगरचा थेंबही टाकून पाहिला, तिच्या तत्त्वात बसत नसताना. रंग बदलला नाही. “वरचा मुलामा चांगला आहे,” ती म्हणाली.

टाचणीताई चिठ्ठी घेऊन तडक भावाच्या खिडकीशी गेल्या. पुढचं सगळ्या रस्त्याने ऐकलं. “आईच्या बांगड्या बदलल्यास तू? खऱ्या स्वतःला ठेवल्यास आणि मला हे?” घड्याळजींनी डोळ्यावरची नळी काढली. चिठ्ठी हातात घेतली आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मग विचारलं, “हे मावशींनी सांगितलं?” हो म्हटल्यावर त्यांचा चेहरा पार उतरला. “मला काही बोलायचं नाही,” म्हणाले आणि चिठ्ठी परत दिली.

बोलायचं नाही म्हणजे कबूलच केलं, असा आम्ही सगळ्यांनी अर्थ काढला. मीसुद्धा.

त्यानंतर अकरा वर्षं ती दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. टाचणीताईंनी मशीन फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलं. बाजारात जायला त्या मागच्या गल्लीने जायच्या, दुप्पट लांब. त्यांच्या दुकानातलं घड्याळ मागे पडायला लागलं, पण रस्त्यात घड्याळजी एकच, तेव्हा दुरुस्तीला देणार कोणाकडे? त्या मनातल्या मनात मिनिटं मिळवायच्या. सुरुवातीला सात मिळवायच्या, पुढे पुढे चाळीस. गिऱ्हाईकं हसायची. मला ते घड्याळ बघवत नसे.

बांगड्या त्यांनी फेकल्या नाहीत. कापडावर कागदी नमुना अंथरला की तो हलू नये म्हणून त्यावर वजन लागतं, त्यासाठी त्या वापरायच्या. खोट्या असल्या तरी जड आहेत, म्हणायच्या.

मावशी या सगळ्याबद्दल कधी बोलली नाही. पण त्या दिवसानंतर वजन करताना ती प्रत्येक आकडा तीनदा काढायला लागली, हे मी पाहिलं होतं.

गेल्या वर्षी मागच्या खोलीचा पडदा विरला म्हणून मी आणि मावशी नवं कापड घेऊन टाचणीताईंकडे गेलो. सकाळची वेळ. टेबलावर कोणाच्या तरी गणवेशाचा नमुना पसरलेला, चार कोपऱ्यांवर कात्री, खडूचा डबा आणि त्या दोन बांगड्या. टाचणीताई इस्त्री करत होत्या. आमच्याशी बोलता बोलता त्यांनी इस्त्री न बघता बाजूला ठेवली ती नेमकी एका बांगडीवर. कापडाचं माप घेईपर्यंत ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एक वास आला.

“अगं बाई!” त्यांनी इस्त्री उचलली. बांगडीचा सांधा उकलला होता आणि त्यातून काहीतरी तपकिरी-लाल, चिकट बाहेर येऊन कागदावर पसरत होतं. टाचणीताई हसल्या, टाचण्यांच्या मधून, कडवट. “बघा मावशी. आतून डांबर निघालं. काय एकेक नमुना असतो माणूस!”

मावशी हसली नाही. ती वाकून तो वास घेत होती. तो वास तिच्या ओळखीचा होता. दर वर्षी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांची पाकिटं शाळेत यायची ती लाखेचं सील लावून, आणि लिहून झालेल्या उत्तरपत्रिका परत जाताना मेणबत्तीवर लाख वितळवून सील करायचं काम एकतीस वर्षं तिचंच होतं.

“ही लाख आहे,” ती म्हणाली. इतक्या हळू, की फक्त मलाच ऐकू आलं. मग मोठ्याने, “ही मी घेऊन जाऊ का?”

“न्या की. नाहीतरी केरातच जायची.”

घरी आल्यावर मावशीने चहासुद्धा घेतला नाही. बांगडी गरम पाण्यात ठेवली, उरलेली लाख स्पिरिटने विरघळवली, ब्रशने आतून धुतली. राहिली ती एक पोकळ नळी, आतूनही बाहेरून होती तितकीच पिवळी. पंखा बंद केला. खिडकी लावली. मी न सांगता जाऊन दार लावलं. छतावरचा तुकडा स्थिर व्हायला त्या दिवशी फार वेळ लागला, कारण नळीतला शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत मावशीने धागा दोनदा सोडून परत बांधला.

सतरा पॉइंट सहा.

तिने तीनदा भागाकार केला. मग पेन्सिल ठेवली. मला तेव्हा कळलं. बांगडी पोकळ होती, आत लाख भरलेली. लाख म्हणजे हलकी. सोनं आणि लाख मिळून पाण्यात तोललं तर आकडा पितळेचा येणारच. सोनाराच्या दुकानातल्या नवख्या माणसालाही ही गोष्ट बांगडी वाजवून कळली असती. पण मावशीने आयुष्यभर लोखंडाचे गोळे, तांब्याच्या तारा आणि शिशाचे तुकडे तोलले होते, म्हणजे आतबाहेर एकच असलेल्या वस्तू. दागिना आतून वेगळा असू शकतो, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं, आणि अंगावर दागिना नसल्याने ते तिला आपोआपही कळलं नाही.

“आकडा बरोबर होता,” ती म्हणाली. “मीच चुकले.”

मी घाबरले, हे कबूल करते. बहीण-भावांसाठी नव्हे, मावशीसाठी. तिच्याजवळ तो विश्वास सोडून दुसरं होतं काय? म्हणून मी नको ते बोलले. “आता कशाला उकरून काढतेस? अकरा वर्षं झाली. कोणाला कळणार आहे?”

“मला कळलंय ना,” मावशी म्हणाली, आणि उठून पंखा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टाचणीताईंकडे गेलो. मावशीने आधी चिठ्ठी टेबलावर ठेवली, मग धुतलेली बांगडी. लाख, पोकळी, आकडा, सगळं सरळ सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “तुमच्या भावाने काहीही बदललं नव्हतं. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. माझ्यामुळे झालं.”

टाचणीताईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या गादीवर टोचल्या. चार टाचण्यांना त्यांनी इतका वेळ लावला, की मला वाटलं आता त्या मावशीच्या अंगावर धावून जाणार. त्या ओरडल्या नाहीत. रडल्याही नाहीत. म्हणाल्या, “मग दादा गप्प का बसला?”

मावशीने माझ्याकडे बघितलं.

“खऱ्या होत्या तर सांगायचं ना तोंडाने! भांडायचं! सोनाराकडे फरफटत न्यायचं मला! गप्प का बसला तो?” आता मात्र त्यांचा आवाज चढला होता. त्यांनी बांगडी उचलली आणि रस्ता ओलांडला. अकरा वर्षं मागच्या गल्लीने जाणारी बाई वीस पावलांत समोर पोचली. मी आणि मावशी मागून.

घड्याळजी थकले होते. एक डोळा अधू झाला होता, त्यामुळे नळी आता दुसऱ्या डोळ्याला लावायचे. भिंतीवर पंचवीस-तीस घड्याळं आपापली टिकटिक करत होती, त्यात बोललेलं नीट ऐकूही येत नव्हतं. बहिणीला खिडकीत बघून ते उठायला गेले आणि स्टूल पडलं.

मावशीच बोलली. ती न थांबता बोलली, वर्गासमोर उभं राहून चूक कबूल करावी तशी. घड्याळजींनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं की त्यांना राग येईल, निदान सुटल्यासारखं वाटेल. त्यांनी वेगळंच विचारलं.

“म्हणजे आईने बांगड्या मोडल्या नव्हत्या?”

“आईने? आईचा काय संबंध?” टाचणीताई म्हणाल्या.

घड्याळजी खिडकीच्या कडेला धरून हळूहळू बोलायला लागले. “तुझं मशीन घरात आलं तेव्हा मी बाहेरगावी घड्याळाचं काम शिकत होतो. सुट्टीला आलो तर कोपऱ्यात नवं मशीन आणि आईचे हात रिकामे. महिन्याने आलो तर बांगड्या परत हातात. तेव्हा मी काही विचारलं नाही. मग तू ती चिठ्ठी घेऊन आलीस. आठ पॉइंट चार. मला वाटलं, झालं, आता कळलं. आईने खऱ्या मोडून तुला मशीन आणलं आणि आपल्याला कळू नये म्हणून खोट्या करून घातल्या. जन्मभर घातल्या.”

“आणि हे तू मला सांगितलं नाहीस?”

“काय सांगू? ज्या मशीनवर तू पोट भरतेस ते आईच्या बांगड्यांचं आहे, आणि आई आपल्याशी खोटं बोलत होती? माझ्यावर रागावलीस ते परवडलं गं. मी समोर होतो. तिच्यावर रागावली असतीस तर ती काय उत्तर द्यायला येणार होती?”

टाचणीताईंनी कपाळावर हात मारला. “अरे वेड्या! दोन्ही मनगटं भाजली होती तिची! उकळत्या पाण्याची वाफ आली अंगावर. पट्ट्या होत्या महिनाभर, म्हणून काढून ठेवल्या होत्या. तू आलास तेव्हा लांब बाह्यांचं घालून बसली होती, तुझ्या जिवाला घोर नको म्हणून. आणि मशीन मामाने दिलं, त्याच्या कारखान्यातलं जुनं! विचारायचंस ना मला!”

“तूही विचारायचंस ना मला,” घड्याळजी म्हणाले.

मी दुसरीकडे बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मला लपवायचंही नव्हतं, फक्त रुमाल सापडत नव्हता.

“दादा, तुझ्या दोन कुठे आहेत?” टाचणीताईंनी विचारलं.

त्यांनी खालचा खण उघडला. जुन्या घड्याळांच्या पट्ट्यांखाली एका कागदात गुंडाळलेल्या होत्या. “मी कधी तपासल्या नाहीत,” ते म्हणाले. “आठच येणार असं वाटायचं. हिंमत झाली नाही.”

त्याच दुपारी ती दोघं आमच्याकडे आली. घड्याळजी आमच्या मागच्या खोलीत पहिल्यांदाच येत होते. मावशीने आधीच सांगितलं, “यांच्यातही लाख असणार. खरा आकडा हवा असेल तर फोडून बघावी लागेल.”

“फोडायची नाही,” भाऊ म्हणाला.

“फोडायची नाही,” बहीण म्हणाली.

“मग एकच करता येईल. तुमची दुसरी बांगडी आणली आहे ना, न उकललेली? एकाच हाताने घडवलेल्या असतील तर त्यांचा आकडाही एकच यायला हवा.”

पंखा बंद झाला. खिडकी, दार. मावशीने आधी बहिणीची बांगडी तोलली, मग भावाची धाग्याला बांधली आणि पाण्यात सोडली. छतावर उजेड हलायला लागला. आम्ही चौघं माना वर करून बघत बसलो. बाहेरचा रस्ता कुठेतरी लांब गेला. टाचणीताई पुटपुटत होत्या, पीठ मळताना आईच्या बांगड्या कशा वाजायच्या ते. “बद्द वाजायच्या,” घड्याळजी म्हणाले, “आठवतं? खणखणीत नाही. बद्द.” “हो रे,” त्या म्हणाल्या, “बद्दच.” त्या दोघांना लहानपणापासून सगळं माहीत होतं, अर्धं याला आणि अर्धं तिला. मला मावशीचा राग आला, आमच्या सगळ्या रस्त्याचा राग आला आणि मग उजेड थांबला तसा तोही थांबला.

मावशीने काटा वाचला. भागाकार केला, एकदाच. चिठ्ठी लिहिण्यासाठी पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली.

“आठ पॉइंट चार,” ती म्हणाली.

घड्याळजींनी तिच्याकडे बघितलं. तोच आकडा, बहिणीच्या बांगडीचा, अकरा वर्षांपूर्वीचा. आणि मग, त्या खोलीत जे तिने कधीच कोणाला सांगितलं नव्हतं, ते मावशीने सांगितलं.

“खरं आहे.”

छतावरचा उजेड पुन्हा थरथरायला लागला. मी खाली बघितलं. घड्याळजींनी दोन्ही कोपरं टेबलावर टेकली होती आणि चेहरा ओंजळीत धरून ते हुंदके देत होते, त्यांच्या पाठीवर बहिणीचा हात होता आणि तिचं दुसरं कोपरही टेबलावरच होतं. भांड्यातलं पाणी डुचमळत होतं, पारडी वरखाली होत होती. टेबलाला हात लावलेला मावशीला कधी खपत नसे. त्या दिवशी ती काही बोलली नाही.